अपसंपदा, घबाड, मलिदा: नेमका अर्थ आणि व्युत्पत्ती

कोशवेडा

लाचलुचपतीच्या बातम्यांत ‘अपसंपदा’ हा शब्द हमखास असतो. बोलताना मात्र तो कोणाच्या तोंडी येत नाही. तिथे घबाड, मलिदा, माया, वरकमाई, हरामाचा पैसा असले शब्द चालतात. माझ्या शंका अशा: ‘अपसंपदा’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या कसा बनला आणि तो शुद्ध आहे का? ‘बेहिशेबी मालमत्ता’ आणि ‘अपसंपदा’ हे एकच की वेगळे? आणि घबाड, मलिदा या शब्दांमध्ये मुळातच गैरमार्गाचा वास आहे, की तो नंतर चिकटला? ‘हे सगळे समानार्थी आहेत’ एवढ्यावर बोळवण नको, फरक हवा आहे.

धातुपाठ

पहिल्या शंकेपुरते लिहितो. शब्दाची फोड अप + सम् + पद् अशी. ‘पद्’ हा धातू जाणे, पडणे, पोहोचणे या अर्थाचा. उपसर्ग बदलला की याच धातूतून उलटसुलट शब्द निघतात: सम् लागला की संपद्, वि लागला की विपद्, आ लागला की आपद्. संस्कृतात हे शब्द दकारान्त स्त्रीलिंगी. पुढे ‘आ’ जोडून संपदा, विपदा, आपदा झाले आणि मराठीने तेच जास्त वापरले. संपत्ती, विपत्ती, आपत्ती ही त्यांचीच ‘ति’ प्रत्ययाची भावंडे. ‘संपन्न’ही त्याच घरातला.

‘अप’ला दोन वळणे आहेत. एक ‘दूर, बाजूला’: अपहरण, अपहार. दुसरे ‘वाईट, व्हायला नको तसे’: अपकीर्ती, अपशकुन, अपमृत्यू. अपसंपदा या दुसऱ्या वळणातली. अपमृत्यू म्हणजे ज्या रीतीने यायला नको त्या रीतीने आलेला मृत्यू. अपसंपदा म्हणजे ज्या वाटेने यायला नको त्या वाटेने आलेली संपदा. एका धातूला दोन उपसर्ग लागण्यात गैर काही नाही. शब्द शुद्ध आहे, फक्त घडवलेला आहे, म्हणून जिभेवर रुळलेला नाही. कायद्याच्या मराठीला या उपसर्गाचे जरा जास्तच प्रेम आहे. गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करण्याला तिथे ‘अपप्रेरणा’ म्हणतात, तीही अशीच कागदावर जन्मलेली.

रूपे चालवताना चूक होते ती सामान्यरूपात. आकारान्त स्त्रीलिंगी शब्द, तेव्हा शाळा–शाळेचा तसे अपसंपदा–अपसंपदेचा, अपसंपदेची, अपसंपदेबद्दल. ‘अपसंपदाचा गुन्हा’ चूक. ‘अपसंपत्ती’ही कुठे कुठे दिसतो. व्याकरणाने तो अडत नाही, पण रूढ संज्ञा अपसंपदा हीच आहे, उगाच दोन रूपे चालवू नयेत.

ताळेबंद

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडे हिशेबात शिरल्याशिवाय देता येणार नाही, कारण अपसंपदा ही मुळात हिशेबाची बाकी आहे. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नोटांची बंडले येतात. तसे नाही. अपसंपदा ‘सापडत’ नाही, ती ‘निघते’.

आधी कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा पहिल्यांदा १९४७ साली झाला. त्यात लोकसेवकाकडची प्रमाणाबाहेरची मालमत्ता हा फक्त पुराव्याचा नियम होता. १९६४ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा झाला. १९८८ च्या कायद्यात हीच तरतूद कलम १३(१)(ई) म्हणून आली आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती १३(१)(ब) मध्ये आहे. शिक्षा किमान ४ वर्षे, कमाल १० वर्षे, शिवाय दंड. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात यासाठी लांबलचक शब्दरचना आहे. हिंदीतही ‘आय से अधिक संपत्ति’ असे वर्णनच करतात. मराठीने मात्र एका शब्दात काम भागवले.

आता आकडेमोड. तपास यंत्रणा एक ‘तपासणी कालावधी’ ठरवते. तो संपूर्ण नोकरीचा असलाच पाहिजे असे नाही. पोलनजी दारूवाला खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कालावधीची निवड आरोपांच्या स्वरूपावर ठरते. मग चार आकडे काढायचे:

अ = कालावधीच्या पहिल्या दिवशी असलेली मालमत्ता
ब = शेवटच्या दिवशी असलेली मालमत्ता
क = त्या कालावधीतले कायदेशीर मार्गाचे एकूण उत्पन्न
ड = त्याच कालावधीतला खर्च

अपसंपदा = (ब − अ + ड) − क. टक्केवारी काढायची ती क च्या प्रमाणात.

काल्पनिक उदाहरण घ्या. अ १० लाख, ब ९५ लाख, क ६० लाख, ड २५ लाख. मालमत्ता वाढली ८५ लाखांनी, त्यात खर्च मिळवला की ११० लाख. उत्पन्न ६० लाख. फरक ५० लाख, म्हणजे उत्पन्नाच्या ८३.३३ टक्के. बातमीत ‘ज्ञात उत्पन्नाच्या स्रोतांपेक्षा ८३ टक्के अधिक अपसंपदा’ असे येते ते हेच. ९५ लाखांची सगळी मालमत्ता अपसंपदा नव्हे, फक्त हे ५० लाख.

हिशेब बिघडतो तो ठरावीक जागी. घराची किंमत खरेदीच्या वेळची धरायची असते, आजच्या बाजारभावाची नाही. वरच्या उदाहरणात ४० लाखांना घेतलेले घर कोणी आजच्या भावाने ७० लाख धरले, तर अपसंपदा ५० वरून ८० लाखांवर आणि टक्केवारी १३३ वर जाते. भाव वाढला म्हणून कोणी लाच घेतली असे होत नाही.

दुसरी जागा कर्जाची. घेतलेले कर्ज उत्पन्नाच्या बाजूला धरावे लागते, कारण त्याच पैशातून मालमत्ता झालेली असते; पण मग फेडलेले हप्ते खर्चात टाकायला विसरायचे नाही. २० लाखांचे कर्ज आणि ६ लाखांचे हप्ते वरच्या उदाहरणात घातले तर क होतो ८०, ड होतो ३१, आणि अपसंपदा उरते ३६ लाख, म्हणजे ४५ टक्के. एकच बाजू धरली की आकडा खोटा. हीच गत लग्नात मिळालेल्या दागिन्यांची. पत्नीचे स्त्रीधन अ मध्ये धरले नाही आणि ब मध्ये मोजले, तर ते जणू नोकरीच्या काळात कमावल्यासारखे दिसते. जोडीदाराचे स्वतंत्र उत्पन्न वगळून त्याची मालमत्ता मात्र मोजली, तरी तसेच.

‘ज्ञात उत्पन्न’ यातला ‘ज्ञात’ही नीट समजून घ्या. १९८८ च्या कायद्याने त्याचे स्पष्टीकरणच दिले आहे: कायदेशीर मार्गाने मिळालेले उत्पन्न. म्हणजे ‘हा पैसा मटक्यात जिंकला’ हे खरे असले तरी उपयोगाचे नाही. आधी प्रमाणाबाहेरची मालमत्ता आरोपीकडे आहे हे फिर्यादी पक्षाने दाखवायचे. मग समाधानकारक खुलासा द्यायचे ओझे लोकसेवकावर येते. कृष्णानंद अग्निहोत्री खटल्यात फरक १० टक्क्यांच्या आत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने तो प्रमाणाबाहेरचा मानला नाही. तेव्हापासून ‘१० टक्के सूट’ असे बोलले जाते, पण कायद्याच्या मजकुरात असा आकडा नाही.

आता बेहिशेबी मालमत्ता. हा शब्द कोणालाही लागतो: व्यापारी, डॉक्टर, शेतमालाचा दलाल. पैसा कष्टाचा असेल, तरी वहीत नोंदला नाही आणि कर भरला नाही तर तो बेहिशेबी. त्याची चौकशी प्राप्तिकर खात्याकडे. अपसंपदा फक्त लोकसेवकाची, आणि तिची चौकशी महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे. उलटही घडते. लाचेचा पैसा बायकोच्या शिवणकामाचे उत्पन्न म्हणून दाखवून त्यावर रीतसर कर भरला, तर वहीपुरता तो बेहिशेबी राहत नाही, पण अपसंपदा असू शकतो. विवरणपत्र भरले म्हणून मार्ग कायदेशीर ठरत नाही. ‘बेनामी’ हा तिसरा प्रकार. तिथे प्रश्न पैसा कुठून आला याचा नसून मालमत्ता कोणाच्या नावावर आणि किंमत कोणी मोजली याचा असतो.

फडनिशी

मलिद्याबद्दल. फारसीत ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, मळणे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण ‘मालीदा’, म्हणजे चोळलेले, चुरलेले. पोळी किंवा रोट गरम असतानाच हाताने बारीक चुरायचा, त्यात तूप आणि गूळ किंवा साखर घालून मळायचे, तो मलिदा. दर्ग्यात आणि पिराला तो चढवतात. कोकणातल्या बेने इस्रायली (ज्यू) लोकांच्या मलिद्यात पोळीऐवजी भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात, आणि तो एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात. काश्मीरकडच्या एका मऊ लोकरी कापडालाही मलिदा म्हणत, तेही चोळून मऊ केलेले म्हणूनच.

तेव्हा शब्दात मुळात गैर काहीही नाही, उलट तो नैवेद्य आहे. भ्रष्टाचाराचा अर्थ मराठीत आला तो पदार्थाच्या गुणांवरून असे मला वाटते. मलिदा चावावा लागत नाही, तुपकट असतो, आणि वाटला जातो. शेवटचा गुण महत्त्वाचा. एकट्याने चोरून नेलेल्या पैशाला सहसा कोणी मलिदा म्हणत नाही. कंत्राटातला वाटा, निविदेतली टक्केवारी, खरेदीतले कमिशन, म्हणजे जिथे ताट एक आणि हात अनेक, तिथेच ‘मलिदा’ शोभतो. ‘मलिदा लाटला’ म्हणतात त्यात पोळी लाटण्याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण ते ‘लाटणे’ बळकावण्याचे, जमीन लाटणे यातले.

एकूणच मराठीत हा पैसा ‘खायचा’ असतो. लाचखोर, हरामखोर यांतला ‘खोर’ हा फारसी ‘खाणारा’. खाबूगिरीत धातू आपला आणि ‘गिरी’ फारसी. कुरण चरायचे असते, आणि जो तळे राखतो तो पाणी चाखतो. हराम अरबी: धर्माने निषिद्ध. त्यामुळे ‘हरामाचा पैसा’ या शब्दात कायद्याचा संबंध नाही, कमाईच्या पावित्र्याचा आहे. फुकट पगार घेणाऱ्यालाही तो लागतो, जरी त्याने एक रुपयाही लाच घेतली नसली.

या फारसी-अरबी मंडळींत माझ्या मते सगळ्यात मजेशीर ‘अफरातफर’. मूळ अरबी जोडी इफ्रात आणि तफ्रीत: अतिरेक आणि उणीव. हिंदीत तिची ‘अफरा-तफरी’ होऊन अर्थ गोंधळ, पळापळ असा झाला. मराठीत मात्र ती दप्तरात बसली आणि पैशाच्या घोटाळ्यासाठी रुळली. वहीत एका खात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी, यापेक्षा अफरातफरीचे नेमके वर्णन काय असणार! हिंदीतून मराठीत भाषांतर करणारे इथे हटकून फसतात. ‘स्टेशन पर अफरा-तफरी’ची मराठीत अफरातफर होत नाही.

हप्ता म्हणजे फारसी ‘हफ्ता’, सात दिवसांचा आठवडा. आठवड्याला द्यायची रक्कम, मग कर्जाचा हप्ता, मग टपरीवाल्याकडून उकळलेला हप्ता. खंडणीचा प्रवास आणखी तिरका. खंडणे म्हणजे ठरवून टाकणे. जमीन ‘खंडाने’ देतात त्यातला खंड म्हणजे ठरीव मोबदला. मराठेशाहीत खंडणी ही एका सत्तेने दुसरीकडून घ्यायची ठरीव रक्कम होती, उघड, कागदोपत्री. आज तीच फौजदारी गुन्हा ठरणारी खंडणी.

लाच मात्र फारसी नव्हे. संस्कृत कोशांत ‘लञ्चा’ आहे, कन्नडमध्ये लंच, तेलुगूत लंचमु, तमिळमध्ये लंजम. जुन्या मराठी लेखनात ‘लांच’ असे अनुस्वारासह दिसते ते त्यामुळेच.

पंचांगवाला

घबाडावर कोणी लिहिले नाही म्हणून. घबाड हा पंचांगातला शब्द आहे. ‘घबाड मुहूर्त’ सूर्यनक्षत्र, चंद्रनक्षत्र आणि तिथी यांच्या गणितावरून काढतात, लाभदायक मानतात, आणि दैनंदिन पंचांगात तो वेळेसह छापलेला असतो. म्हणजे अचानक आणि मोठा लाभ हा त्याचा गाभा. लॉटरी लागली तरी घबाड, पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा निघाला तरी घबाड. नीतीशी या शब्दाला देणेघेणे नाही. छाप्याच्या बातम्यांत तो इतका वापरला गेला की लोकांना आता तो चोरीचाच वाटतो. नपुंसकलिंगी आहे, ‘घबाड सापडली’ असे लिहू नये.

कोशवेडा

सर्वांचे आभार. मग ‘अधिकाऱ्याच्या घरी छापा, दोन कोटींची अपसंपदा जप्त’ हा मथळा चुकीचा धरायचा? आणि ‘माया जमवली’ यातली माया कोणती? अपहार आणि अफरातफर यांतही फरक सांगितलात तर बरे.

ताळेबंद

हो, चुकीचा. झडतीत जप्त होते ती रोकड, दागिने, ठेवींच्या पावत्या, खरेदीखते. त्यांची यादी झाली, बँका आणि निबंधक कार्यालयांतून माहिती आली, वेतनाचे दाखले आले, चारही आकडे मांडले, की मग अपसंपदा किती ते कळते. त्याला महिनेच्या महिने लागतात. छाप्याच्या दिवशी मथळ्यात ‘घबाड’ लिहा, ते अर्थानेही बरोबर. गुन्हा नोंदला गेला की ‘अपसंपदा’ लिहा.

आणखी एक घोळ होतो. लाच घेताना पकडलेल्या माणसावर लगेच ‘अपसंपदेचा गुन्हा’ लावून मोकळे होतात. सापळा लावून पकडला तर तो कलम ७ चा गुन्हा. तिथे मागणी आणि स्वीकार सिद्ध करायचा असतो, मालमत्तेचा हिशेब नाही. २०१८ पासून त्या कलमात ‘अवाजवी लाभ’ ही कल्पना आहे, त्यामुळे लाच पैशाचीच हवी असे नाही. सापळ्यानंतर घरझडती होते आणि कधी त्यातून अपसंपदेची उघड चौकशी सुरू होते. ती वेगळी, तिचा गुन्हा वेगळा.

धातुपाठ

अपहार हा या सगळ्यांत वयाने थोरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा आठवा अध्याय अधिकाऱ्यांनी हडपलेला महसूल परत मिळवण्यावर आहे. तिथे कोश घटण्याची आठ कारणे दिली आहेत आणि अपहार त्यातले आठवे. व्याख्या हिशेबनिसाला शोभेल अशी तिहेरी: मिळालेली जमा वहीत न आणणे, वहीत लिहिलेला खर्च प्रत्यक्षात न देणे, आणि हाती असलेली शिल्लक नाकारणे. दंड रकमेच्या १२ पट. त्यापुढे पैसा हडपण्याचे ४० उपाय मोजले आहेत, आणि लेखापरीक्षकाला आजही त्यातले बरेच ओळखीचे वाटतील: आधी वसूल झालेले नंतर दाखवणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावे टाकणे, मापात आणि तोलात फरक करणे.

सहकारी संस्था, पतपेढ्या, ग्रामपंचायतींच्या लेखापरीक्षणात अपहार आजही याच अर्थाने येतो: ताब्यात दिलेल्या पैशावर हात मारणे. विश्वासाने सोपवलेली रक्कम गिळली, तर कायद्याच्या मराठीत त्याला ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ म्हणतात. अफरातफर हा त्याचा बोलीतला शेजारी. मी तरी असा फरक करीन: रक्कम निश्चित ठरली, जबाबदारी निश्चित झाली, की अपहार, वह्यांत गडबड दिसते पण किती आणि कोणी हे अजून सुटलेले नाही, तोवर अफरातफर. अपसंपदेशी दोघांचा संबंध एवढाच की अपहारात पैसा कुठून गेला ते माहीत असते, अपसंपदेत पैसा कुठे आला ते माहीत असते आणि कुठून आला ते माणूस सांगू शकत नाही.

शिवणटिपण

मायेचे मी सांगते. संस्कृतात माया म्हणजे भास, भूल. मराठीत तीच आईची माया झाली, आणि पैशाचीही झाली. कापड शिवताना टाक्याच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्यालाही मायाच म्हणतात: ‘बाजूला इंचभर माया ठेव, पुढे उसवून मोठा करता येईल.’ बाहेरून दिसत नाही, गरज पडली की उपयोगी येते. ‘साहेबांनी बरीच माया जमवली’ यात भासाच्या मायेपेक्षा ही शिवणीतली माया मला जवळची वाटते. संतांनी धनालाही मायेतच ढकलले, तोही धागा असेल.

वापरातला फरक म्हणाल तर माया हळूहळू जमते, घबाड एकदम मिळते. ‘एका रात्रीत माया जमवली’ कानाला खटकते ते त्यामुळेच. आणि माया दाखवायची नसते. दाखवली की लोक तिला गडगंज म्हणतात.

फडनिशी

मायेच्या शेजारी ‘डबोले’ही ठेवा. दडवून ठेवलेला साठा, पण तो म्हातारीने उतरंडीत जमवलेला प्रामाणिक पैसाही असू शकतो. आणि मथळे लिहिणाऱ्यांसाठी एक: ‘डल्ला मारणे’ ही कृती आहे, मिळालेला माल नव्हे. ‘तिजोरीवर डल्ला’ ठीक, ‘दहा लाखांचा डल्ला जप्त’ नाही.